खालच्या खाचराचं पाणी

"ए! कोण आहे रे तिकडे? आमचा बांध फोडतोस?"

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे असं. प्रेमकथेची सुरुवात म्हणून काही फार बरी नाही... पण झालं ते झालं, खोटं कशाला सांगू?

श्रावणातली दुपार होती. घटकेत ऊन, घटकेत सर. किन्हवलीला एसटीतून उतरून पुढे चालत मी शेतावर आले होते. बाबा गेल्यानंतरचं ते पहिलंच भात. आई म्हणाली होती, यंदा राहू दे. माझा भाऊ विनोद कल्याणहून फोनवर म्हणाला होता, "कशाला चिखलात मरतेस?" तेव्हा तर मला लावणी करायचीच होती. मी अशीच आहे — कुणी नको म्हटलं की माझे पाय नेमके तिकडेच वळतात. आठवडाभर शहापूरच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी आणि सुट्टीच्या गुरुवारी शेत. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे कामाला येणारी सकुबाई सोबत होती, तिच्याच भरवशावर सगळं चाललं होतं.

आणि त्या गुरुवारी हा कोण कुठला माणूस — गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं — आमच्या खालच्या बांधावर उभा राहून खुशाल बांध कापत होता.

त्यानं वर पाहिलं. दचकला नाही. उलट हसला.

"बांध फोडत नाय मॅडम, खांड उघडतोय. तुमच्या खाचरातलं जास्तीचं पाणी इथून खाली आमच्यात येतं. दरवर्षी येतं."

"दरवर्षी चोरता म्हणून यंदाही चोरायचं?"

"चोरायचं कशाला? तुमचे बाबा सोताच्या हातानं उघडून द्यायचे. यंदा लय वाट बघितली... खांड कोणी उघडलीच नाय. खाली माझं भात सुकाया लागलंय."

बाबांचं नाव निघालं आणि माझा चढलेला आवाज खाली आला. पण इतक्या लवकर हार मानायची म्हणजे...

"आधी ती बंद करा," मी म्हणाले.

त्यानं मुकाट्यानं चिखलाचे गोळे लावून खांड बुजवली. मग मी चपला काढून खाचरात उतरले आणि पाण्यात बोटं बुडवून पाहिली. आमच्या भाताला पुरून उरेल इतकं पाणी होतं. मी ओणवी झाले आणि तीच खांड माझ्या हातानं पुन्हा उघडली. पाणी खळखळत खाली गेलं.

"आता हे काय केलंत?"

"आमच्या बांधाची खांड आम्हीच उघडतो."

तो मोठ्यानं हसला. मग हसता हसता थांबला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"गालाला चिखल लागलाय," म्हणाला.

मी पुसला.

"नाय... त्या बाजूला."

मी तीही बाजू पुसली.

"आता दोन्हीकडं लागला."

वरच्या अंगाला सकुबाई तण काढत होती. तिनं मान वर न करताच हाक दिली, "रित्या, पोरीला जाऊ दे रे घरी. एसटी चुकंल तिची!"

रित्या म्हणजे रितेश. आमच्या बांधाखालच्या खाचराचा मालक. मुरबाडच्या एका कंपनीतली नोकरी सोडून आदल्या वर्षीच गावी परतला होता, म्हणून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं मला सकुबाईनं रस्त्याला लागेपर्यंत सांगितलं, मी काही विचारलं नसताना. आणि एसटी चुकलीच.

त्यानंतर गुरुवार फार उशिरा यायला लागले.

खांड उघडायची आणि बुजवायची म्हणजे काम ते किती! आम्हाला त्याला अर्धी दुपार लागायची. तो मला बांधातली खेकड्यांची बिळं दाखवायचा, कारण पाणी तिथूनही पळतं. एकदा त्यानं एक खेकडा धरून माझ्यासमोर नाचवला आणि मी अशी किंचाळले की ओहोळावरचे बगळे उडाले.

"माझ्यावर ओरडता आन् खेकड्याला घाबरता?"

"खेकडा चावतो."

"आन् मी?"

"तुमचं अजून कळलं नाही."

"कळंल... मला घाई नाय."

तो बांधावरची काकडी तोडून आणायचा, मीठ-तिखट लावून अर्धी मला द्यायचा. मोठी अर्धी. नागपंचमीनंतर त्यानं बांधावर झेंडू लावला. "दसऱ्याला तुमच्या बाजूची फुलं तुमची, माझ्या बाजूची माझी," असा हिशेबही सांगितला. मी वाकून पाहिलं तर सगळी रोपं माझ्याच बाजूला होती.

मी घरी येताना बसमध्ये एकटीच हसत असायची. लॅबमध्ये बाटल्यांवर नावं चिकटवताना नखांतला चिखल दिसायचा आणि तो काढून टाकावासा वाटायचा नाही. बुधवारी पाऊस थांबला की मला राग यायचा, कारण पाणी नसेल तर खांड उघडायची कशाला?

झेंडूला कळ्या धरल्या आणि आराखडा लागला.

आराखडा म्हणजे आमच्या सगळ्या भागाचा सरकारी नकाशा. कुठे घरं बांधायची आणि कुठे फक्त शेती राहील ते त्यात रंगानं दाखवतात. घरांचा पिवळा, शेतीचा हिरवा. अजून कच्चाच होता, लोकांच्या हरकती घेऊन मग पक्का होणार होता. पण विनोद रजा टाकून शहापूरला आला, मोबाइलवर नकाशाचा फोटो घेऊन.

"हेतल, आपण येलो झोनमध्ये! भराव टाकून जमीन उचलली की सरळ प्लॉट! कल्याणचं भाड्याचं घर सुटलं समज."

मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळा रंग रस्त्यापासून निघून आमच्या खाचरातून खाली आला होता आणि बरोबर बांधावर थांबला होता. बांधाच्या पलीकडे हिरवा. त्याचं शेत शेतच राहावं असं सरकार म्हणत होतं. पण आमचं खाचर मुरमानं भरलं की त्याचं पाणी बंद होणार होतं, आणि ते त्या नकाशात कुठेच दिसत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी रितेश बांधावर नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. शेवटी मीच बांध ओलांडून खाली त्याच्या शेतात गेले.

"आराखडा बघितलास?" मी विचारलं. रागाच्या भरात मी त्याला 'तू' म्हणाले होते.

"बघितला."

"मग? हरकत घे, असं सांगणार नाहीस मला?"

"नाय."

"का?"

त्यानं हातातली काडी मोडली.

"तुझी जमीन हाय. तुझ्या भावाला घर करायचंय, ते काय पाप नाय. मी कोण सांगणारा? आन्... माझ्याजवळ एक गोष्ट होती बोलायची. दसऱ्याला बोलणार होतो. आता नाय बोलणार."

"बोल ना."

"आता बोललो तर लोक म्हणतील, पाण्यासाठी पोरगी पटवली. लोकांचं मरू दे... कधी तरी आपलं भांडण होईल आन् तुलाच तसं वाटंल. मला ते नको."

"मग कधी बोलणार?"

"निकाल लागू दे. पिवळा नायतर हिरवा, काय व्हायचं ते होऊ दे. मग."

"सरकारी निकालाला किती वेळ लागतो, माहीत आहे का तुला?"

"माहीत हाय," तो म्हणाला आणि इतकं केविलवाणं हसला की मला पुढे भांडताही आलं नाही.

दसऱ्याला झेंडूची पिशवी सकुबाईच्या हाती आली. तो आला नाही. मी ती फुलं दाराला लावली आणि सुकून काळी पडली तरी काढली नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, वेळ नाही मिळाला.

मी हरकत दिली. बाबांच्या शेतासाठी दिली. थोडी त्याच्यासाठीही... किती थोडी ते विचारू नका. विनोद भडकला.

"तो खालचा पोरगा तुला पाण्यासाठी फिरवतोय आणि तू फिरतेस!"

मी त्याला नाही नाही ते बोलले. पण ते वाक्य मनात रुतून बसलं. रितेशला हीच भीती होती, म्हणूनच तो गप्प होता, हे मला समजत होतं. तरी एखाद्या संध्याकाळी, एसटीच्या खिडकीतून भाताची रिकामी खाचरं मागे पळताना, उगाच मनात यायचं — खरंच पाण्यासाठीच असेल तर?

सुनावणी माघात झाली, शहापूरला. गावातले लोकही आले होते, खालची जमीन हिरवीच ठेवा म्हणून सांगायला. त्यांच्यात रितेश होता, इस्त्रीचा निळा शर्ट घालून. समोरच्या बाकावर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

माझं नाव पुकारलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची स्वतःची जमीन रहिवासी पट्ट्यात येतेय आणि तुमचीच हरकत?"

"साहेब, रेघ बांधावर थांबते, पाणी नाही थांबत. वरचं खाचर बुजवलं तर खालचं नकाशात हिरवं ठेवून उपयोग काय?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. बाहेर पडताना दारात गर्दी झाली. त्या रेटारेटीत तो क्षणभर माझ्या शेजारी आला, बाहीला बाही लागली.

"चांगलं बोललीस," तो हळूच म्हणाला.

तेवढ्या दोन शब्दांवर मी पुढचा सगळा उन्हाळा काढला.

पुन्हा पाऊस आला. सकुबाईला घेऊन मी पुन्हा लावणी केली. खांड मी उघडत होते, पण पलीकडे कुणी उभं नसायचं. फक्त बांधाच्या माझ्या बाजूला झेंडूची नवी रोपं लागलेली असायची.

श्रावणात निकाल आला. गावाची खालची सगळी शेतं हिरवी राहिली. प्लॉटवाल्यांनी त्यांच्यावरही डोळा ठेवला होता, ते बारगळलं. पण रस्त्यालगतचा पट्टा पिवळाच राहिला, आणि त्यात आमचं खाचर होतं. विनोद पेढे घेऊन आला. सोबत हक्कसोडीची गोष्टही काढली. आमच्याकडे बहिणी सही करतात. जी करत नाही तिच्यासाठी भाऊबिजेला माहेरचं दार उघडत नाही.

"करते," मी म्हणाले. "रस्त्याकडचं सगळं तुला आणि आईला. मला फक्त कडेची पट्टी दे. ओहोळापासून खालच्या बांधापर्यंतची."

"ती? अगं, तिथे गाडीसुद्धा जाणार नाही. एक प्लॉट पडायचा नाही तिथे!"

"म्हणूनच दे. आणि भराव टाकशील तो तिच्यावर येता कामा नये. लिहून दे."

त्यानं मला वेडी ठरवलं आणि आनंदानं तसं लिहून दिलं. जेवताना आईनं न मागता माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

"तुझ्या बाबांनीपण तीच मागितली असती," ती म्हणाली.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. सकुबाईलाही नाही, कारण तिला सांगणं म्हणजे गावाला सांगणं.

त्या गुरुवारी मी शेतावर पोचले तेव्हा बारीक सर चालू होती आणि रितेश बांधावर उभा होता. हातात फावडं नव्हतं. अंगात तोच निळा शर्ट, पार भिजलेला.

"निकाल कळला," तो म्हणाला.

"हं."

"म्हंजे हे शेवटचं पाणी."

मी जीभ दाताखाली धरली.

"आता तुझ्याकडून घेण्यासारखं काय उरलं नाय. म्हणून आलो." "पुढच्या वर्षी खाली भात व्हायचं नाय. नाचणी घालीन, भेंडी घालीन... काय तरी करीन. श्रीमंत व्हायचो नाय. पण हेतल... मला तू पायजेस. पाण्याबिगर. लगीन करशील माझ्याशी?"

वर्षभर मी या प्रश्नाची एकाहून एक उत्तरं तयार करून ठेवली होती.

"परत बोल," मी म्हणाले.

"काय?"

"ते... पाण्याबिगरचं."

त्यानं पुन्हा म्हटलं, यावेळी माझ्याकडे सरळ बघत. मी हो म्हणाले. मग त्याचा हात धरला आणि बोटानं दाखवलं — तो ओहोळ, तिथून ही कड, आणि ही खांड.

"एवढं माझं आहे. वाटणी झाली. इथे कुणी मुरूम टाकणार नाही. ओहोळाचं पाणी या कडेनं येईल खाली, दरवर्षी."

तो मटकन बांधावर बसला, झेंडूच्या रोपांवरच.

"हे कधी झालं?"

"रविवारी."

"आन् मला आता सांगतेस? आधी का नाय बोललीस?"

"आधी बोलले असते तर तू अजून एक वर्ष गप्प बसला असतास."

तो हसायला लागला. हसता हसता भिजलेल्या बाहीनं डोळे पुसायला लागला. मीही पुसले. रस्त्याच्या बाजूचं भात वाऱ्यावर हलत होतं. पुढच्या श्रावणात तिथे भात नसणार होतं. बाबांचं एवढं मोठं शेत, त्यातली एक चिंचोळी कड तेवढी मी राखू शकले होते. इतकं सुख वाटत असतानाही ते टोचायचं राहिलं नाही.

"फावडं नाय आणलं," रितेश म्हणाला.

"हातानं उघडू."

आम्ही दोघं ओणवे झालो. वरून सकुबाईची हाक आली, "आज तरी मुद्दाम चुकव गो एसटी!"

पाणी खळखळत त्याच्या भाताकडे गेलं. माझ्या दोन्ही गालांना चिखल लागला होता आणि यावेळी तो त्यानं पुसला.