कुंदनची ताटली

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आमच्या आईला सगळीकडे काहीतरी दिसायचं, आणि मी तिची मनसोक्त टिंगल करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. डाव्या हातावरचे वण अजून आहेत. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मागच्या वर्षीची गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. जागा म्हणजे घोटीच्या पुढच्या डोंगरातलं एक पठार. पायथ्याच्या वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लोक लगेच गाड्या काढून बघायला जातात.

मी प्रतिभा. देवळाली कॅम्पच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. फौजींचे गणवेश आल्टर करून देते, नावाच्या पट्ट्या लावून देते. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ कुंदन, त्यानेही केलं नाही. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता. आम्ही दोघं एकाच घरात राहायचो आणि मीठ कमी पडलं म्हणूनसुद्धा भांडायचो.

घरात तिसरा होता सुभेदार.

सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, तांबडा, एक कान फाटका. नाव कुंदनने ठेवलेलं. कॅम्पात राहून कुत्र्याचं नाव सुभेदार ठेवायचं म्हणजे कठीणच! रस्त्यात हाक मारली की पेन्शनीतला एखादा खरा सुभेदार मागे वळून बघायचा, आणि मला तोंड लपवावं लागायचं.

कुंदनला डोंगराचं वेड. सुट्टी मिळाली की सुभेदारला घेऊन त्या पठारावर मुक्कामाला जायचा. तिकडे बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्र्यासारखं आवडतं काही नाही. म्हणून त्याचे नियम फार कडक होते. कुत्रा डोंगरावर कायम दोरीला. दिवेलागणीच्या आत तंबूत. दोरीचं दुसरं टोक आपल्या कमरेला. खाण्याची पिशवी तंबूपासून लांब, झाडाला. आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा, धनगरांच्या कुत्र्यांना असतो तसा. तो पट्टा मीच शिवून दिला होता. दुहेरी फौजी कॅनव्हास, खिळ्यांची टोकं बाहेर. बिबट्या मान धरतो ना, म्हणून.

जेवायची वेळ झाली की कुंदन स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायचा.

टण... टण टण.

सुभेदार घरात कुठेही असो, धावत यायचा. पहिला तुकडा त्याचा, मग कुंदनचा. माझा नंबर तिसरा, असं मी चिडून म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात कुंदन ड्युटीवरून आला, झोपला... आणि उठलाच नाही. हार्ट अटॅक.

आता दहाव्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय.

रामकुंडावर ऊन मी म्हणत होतं. फरशीवर पाय ठेववत नव्हता. पिंड ठेवला आणि आम्ही बाजूला झालो. कावळे होते. कठड्यावर बसून बघत होते. पण एकही खाली येईना.

मग नेहमीचं सुरू झालं. त्याची इच्छा कशात राहिली, ते ओळखून शब्द द्यायचा.

"तुझी सगळी कामं पुरी करू रे बाबा," कोणीतरी म्हणालं. कावळा हलला नाही.

आमचे कारभारीमामा हात जोडून पुढे झाले. "तुझ्या ताईला एकटं पडू देणार नाय. शिव रं आता."

कावळा हलला नाही.

मी खाली बघत उभी होते. खरं सांगते, मला ते फार लागलं.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात मामा वैतागून म्हणाले, "बरं, तुझं कुत्रं आणून देतो तुझ्याकडं! तुझ्याच डोंगरावर आणून देतो. मग तर झालं?"

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली आला. पिंडाला शिवला.

सगळे हसले. रडता रडता मीसुद्धा हसले. कुंदनचा जीव कुत्र्यात होता हे काय आम्हाला नवीन होतं?

त्यानंतर सुभेदारने खाणं सोडलं. म्हणजे अगदी उपाशी नाही, पण चार घास खाऊन तोंड फिरवायचा. बरगड्या मोजता येतील असा झाला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, आठवण काढतोय.

घर इतकं गप्प झालं होतं की मी दुकानातून उशिरा यायला लागले. सुभेदारही गेला तर... हा विचार आला की मशीनवर हात थांबायचा. त्याच्याशिवाय घरात माझ्यासोबत श्वास घेणारं कोणी नव्हतं.

मग मामांचा शब्द आठवला. वाटलं, एकदा नेऊन आणू त्याला डोंगरावर. शब्दही पुरा होईल, आणि ओळखीच्या जागी गेला तर कदाचित पोटभर खाईल. एक मुक्काम, आणि परत.

मला खरंच एवढंच वाटलं होतं.

वाडीत धोंडाबाईंचं घर आहे. कुंदन मोटरसायकल त्यांच्याच अंगणात लावायचा. कुंदन गेल्याचं सांगितलं तशा त्या मटकन खाली बसल्या. नंतर सुभेदारकडे बघून म्हणाल्या, "बाई, कुत्रं हितंच ठेव. बिबट्या लय माजलाय. परवा वासरू नेलं. आमचा काळ्या हाय की सोबतीला."

काळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. तो सुभेदारला हुंगत होता. जुनी दोस्ती. उतरताना कुंदन ताटली वाजवून उरलेलं त्यालाच घालायचा.

"त्याच्यासाठीच तर आलेय," मी म्हणाले.

"मग सांच्याला भाईर निघू नको. काय बी झालं तरी," त्या म्हणाल्या.

पठारावर पोहोचले तेव्हा ऊन उतरत होतं. कुंदनच्या चुलीचे दगड तिथेच होते. राख कधीच वाहून गेली होती. सुभेदार त्या दगडांपाशी गेला, ते हुंगून माझ्याकडे बघायला लागला. जणू मीच कुठेतरी लपवून ठेवलं होतं त्याच्या माणसाला. मला भडभडून आलं. एवढं मोठं पठार आणि आम्ही दोघंच.

सगळं कुंदनच्या नियमाने केलं. लवकर भाकरी-पिठलं उरकलं. कुंदनच्याच ताटलीत सुभेदारला दूध-भाकरी दिली. त्याने एक घास खाल्ला आणि सोडलं. उरलेलं मी लांब नेऊन पुरलं. पातेलं, डाव, पीठ सगळं पिशवीत घालून झाडाला टांगलं. ताटली मात्र घासून पुसून उशाशी ठेवली. त्याची होती, दूर ठेववेना.

सूर्य बुडायच्या आत आम्ही तंबूत होतो. तंबूची चेन लावली. दोरी कमरेला बांधली.

बाहेर रातकिडे ओरडत होते. खालच्या घळीत वानरं होती, त्यांची झोपायची गडबड चालली होती. बरं वाटलं.

मग वानरं खेकसली.

एकदम सगळी. धोक्याचं खेकसणं. आणि मग... गप्प.

रातकिडेही गप्प.

तेवढ्यात आवाज आला. टण...

मला वाटलं, वाऱ्याने पिशवी हलली. पातेल्यावर डाव आपटला असेल.

टण... टण टण.

सुभेदारचे कान उभे राहिले.

पिशवीच आहे, मी स्वतःला म्हणाले. पण तंबूचं कापड जराही हलत नव्हतं. वारा नव्हताच. शिवाय झाड मागच्या बाजूला होतं, आणि आवाज पुढून, घळीकडून येत होता.

मी उशाशी हात घातला. ताटली होती. गार. मी ती छातीशी धरली.

आणि बाहेर ताटली वाजली.

सुभेदार उठला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याची शेपटी हलत होती. बारीक आवाजात कुईकुई करत तो चेनीला नाक लावून उभा राहिला.

"कुंदन?" मी हाक मारली.

मी कापडाला कान लावला.

"कुंदन, मी आहे रे. ताई."

काही नाही. मग पुन्हा तेच... टण... टण टण. पण आता जवळून. आणि त्या पाठोपाठ आवाज आला...

"सुभेदार... ये बेटा, ये."

माझ्या भावाचा आवाज होता. त्यात शंकाच नको. ड्युटीवरून दमून आल्यावर यायचा तसा.

भीती वाटायच्या आधी मला काय वाटलं ते लिहिते. मला वाटलं, मला नाही का बोलावणार? इतकी वर्षं एका घरात काढली. एकदा 'ताई' तरी म्हण.

मग दुसरा आवाज आला. करवतीने ओंडका कापावा तसा. खरर्र... खरर्र... खरर्र... हा आवाज कुंदनने मला घरी तोंडाने काढून दाखवला होता. बिबट्या.

आणि तो ताटलीच्याच जागेवरून येत होता.

एकदा ताटली. एकदा करवत. मग पुन्हा ताटली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिवंत कुत्रा मेलेल्या माणसाला आणून द्यायचा... तो कसा देणार? मामा बोलून मोकळे झाले होते. आणून मी दिला होता. इथवर, माझ्या हाताने.

सुभेदारने पंजांनी चेन ओरबाडायला सुरुवात केली. मी दोरी ओढली. तो वळला आणि त्याने माझ्यावर दात काढले. माझ्यावर. लहानपणापासून माझ्या पायाशी झोपलेला कुत्रा. मी त्याच्यावर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळली. मीच शिवलेल्या पट्ट्याचे खिळे माझ्या डाव्या हातात घुसले. रक्त वाहायला लागलं. सोडला नाही.

तंबूच्या कापडापलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर... टण.

"नाही देणार!" मी ओरडले. "मामा बोलले होते, मी नाही! मला दुसरं कोणी नाही रे. नाही देणार मी!"

सगळं थांबलं.

मग आवाज पुन्हा आला, पण दुरून. डोंगर उतरून चालल्यासारखा... वाडीच्या दिशेने.

टण... टण टण.

उरलेली रात्र मी तशीच, त्याला धरून काढली.

उजाडल्यावर चेन उघडली. तंबूभोवती दवाने भिजलेलं गवत गोल दबलेलं होतं. सामान आवरलं. ताटली सापडली नाही. चेन रात्रभर आतून बंद होती. पांघरुणं झटकली, पिशव्या उलट्या केल्या.

नव्हती.

खाली वाडीत धोंडाबाई दारातच उभ्या होत्या. माझा हात बघून आधी त्यांनी हळद आणली. दाबता दाबता म्हणाल्या, "काल सांच्याला तू ताटली का गं वाजवलीस?"

मी सुभेदारची दोरी मनगटाभोवती आणखी एकदा गुंडाळली.

"लय जवळून आली. मला वाटलं तू खाली उतरलीस. आमचा काळ्या दावं तोडून पळाला आवाजाकडं. भाकरी मिळंल म्हणून." त्या डोंगराकडे बघत होत्या. "अजून आला नाय."

तो आलाच नाही. नंतर मी फोन करून विचारलं. घळीच्या तोंडाशी नुसतं तुटलेलं दावं मिळालं, म्हणाल्या. त्यांना खरं काय ते मी अजून सांगू शकलेले नाही. ही रुखरुख मला रोज आहे.

घरी आल्यावर मनाची समजूत घातली. एक कुत्रा गेला, कुंदनचं समाधान झालं असेल.

परवा पितृपक्षात त्याचं पान ठेवलं. गच्चीवर. भाकरी-पिठलं, तांदळाची खीर, त्याच्या आवडीचं सगळं. कावळा आला. कठड्यावर बसला. पानाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पायाशी बसलेल्या सुभेदारकडे एकटक बघत राहिला.

मामा आले होते. घाम पुसत म्हणाले, "प्रतिभा, अगं बोल काहीतरी. शब्द दे त्याला. दुपार टळली."

काय शब्द दिला की तो खाली येईल, हे मला माहीत होतं. मामांनाही आठवत असावं, पण ते माझ्याकडे बघेनात.

मी गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत पान तसंच होतं. शेवटी मी ते गाईला घातलं.

माझा भाऊ उपाशी आहे. मला माहीत आहे. आयुष्यभर ज्याला गरम भाकरी वाढली, त्याला मी उपाशी ठेवलंय.

सुभेदार आता पोटभर खातो. त्या मुक्कामानंतर खायला लागला. पण दिवेलागण झाली की ताट सोडून उठतो आणि मागच्या दाराशी जाऊन बसतो. मग परसातून आवाज येतो. शेजारच्या ललितावहिनी विचारतात, "रोज काय वाजवता हो?" मी म्हणते, भांडी घासते.

त्याचं तोंड पांढरं व्हायला लागलंय. आज ना उद्या तो जाईलच, मी दार कितीही लावलं तरी. त्या दिवशी कुंदन जेवेल. मग ते दोघं एकत्र असतील, आणि इथे परसात कोणी काही वाजवणार नाही.

हे लिहीत असताना आवाज सुरू झालाय. सुभेदार दाराशी शेपटी हलवतोय.

मी उठून कडी बघून आले. लावलेली आहे.