रॉकेलची परीक्षा

"ओ साहेब, थांबा! पाणी ओतू नका!"

आबिड्सच्या पोस्टासमोर एक लाल, बुटकी, दोनच सीटची परदेशी गाडी वाफा सोडत उभी होती, आणि तिचा मालक थंडगार पाण्याची बाटली घेऊन बॉनेटखाली झुकला होता. त्रिवेणीने स्कूटी आडवी लावली, पण उशीर झाला होता. तापलेल्या इंजिनावर अर्धी बाटली गेलीच. चर्रर्र!

"कायकू घाई केली हो? ॲल्युमिनियमचं हेड आहे ते. वाकलं असणार आता."

"हेड...?" त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की तिला हसू आवरेना.

"इंजिनाचं झाकण समजा. काचीगुड्याला आमचं गॅरेज आहे. चला, टोचन करू."

"तुम्हाला इटालियन गाड्या येतात?"

"अप्पांनी चाळीस वर्षं फियाट दुरुस्त केल्या. त्या काय आमच्या नांदेडच्या होत्या?"

त्याचं नाव अनिकेत. पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. गाडी त्याच्या वडिलांची, प्रकाशरावांची. त्यांनी तरुणपणी हौसेने घेतलेली, आणि मुलाच्या हाती देताना तीनदा "जपून" म्हणालेले. असं दुसरं हेड शोधायला अनिकेतने देशभर फोन केले. कुठेच नव्हतं. जे काही करायचं ते याच हेडवर.

तिचे वडील अप्पाराव चष्मा पुसत म्हणाले, "त्रिवेणी करंल. माझे हात थरथरतात आताशा." आजवर तिने कुठलंही हेड एकटीने बांधलं नव्हतं. रात्रभर तिला झोप आली नाही, आणि त्यात सगळा दोष हेडचा नव्हता.

मशीनवर हेडचा तळ घासून सपाट झाला. तडा निघाला नाही, तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला. मग आठ वॉल्व्ह आपापल्या जागी घासून बसवायचे होते. त्रिवेणीने अनिकेतच्या हातात वॉल्व्ह फिरवायची काठी दिली. दोन्ही तळव्यांमध्ये धरून, ताक घुसळतात तशी फिरवायची.

"किती वेळ?"

"कड सगळीकडून सारखी करडी दिसेपर्यंत. हल्लू... हल्लू! कीबोर्ड नाही तो."

"तुम्ही कॉलेजात शिकवायला हवं होतं. सगळे नापास झाले असते, पण हजेरी शंभर टक्के."

तिने मान खाली घातली आणि उगाचच एक स्वच्छ बोल्ट पुन्हा पुसला. तीन शनिवार असे गेले. त्याच्या तळव्यांवर फोड आले, ते तो ऑफिसात मिरवत होता म्हणे.

चौथ्या शनिवारी हेड इंजिनावर चढलं. त्रिवेणी वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याला पाना लावून तो हळूहळू फिरवत होती. अशा वेळी पिस्टन आधी खाली घ्यायचे असतात. नाहीतर उघडणारा वॉल्व्ह त्यांच्यावर आपटतो आणि वाकतो. हा धडा ती बाराव्या वर्षीच शिकली होती.

"गाडी झाली की..." अनिकेत जवळ येऊन म्हणाला, "मग मी कशाच्या निमित्ताने यायचं?"

तिने वर पाहिलं. हात मात्र फिरतच राहिला.

टक.

अगदी बारीक आवाज. पिस्टन वरच होते! तिने पाना काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. उद्या बघू... आज उशीर झाला." संध्याकाळचे पाच वाजले होते.

आयुष्यात पहिल्यांदा ती कामाबद्दल खोटं बोलली, आणि तेही नेमकं याच्याशी. वॉल्व्ह वाकला असेल तर तसा नवा इथे मिळणार नव्हता, त्याची घडणच वेगळी. वडिलांची गाडी हिने घालवली हे कळल्यावर तो कशाला पुन्हा या गल्लीत पाऊल टाकेल? सकाळी तिने एकटीने हेड उतरवलं आणि त्याला फोन केला. तो आला तेव्हा हातात कागदी कपांत चहा होता.

"काल वॉल्व्ह पिस्टनला लागला," ती एका दमात म्हणाली. "चूक माझी. लपवलं, ती आणखी एक. रागवा पाहिजे तर."

तो रागावला नाही. "कसं कळेल वाकला की नाही?"

हेड उलटं करून तिने दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, चारही खोलगट भागांत रॉकेल भरलं आणि खाली तेलुगू वर्तमानपत्र पसरलं. वॉल्व्ह वाकला असेल तर रॉकेल झिरपून कागदावर पडणार. अर्धा तास थांबायचं. दोघं जमिनीवर बसले. पाच मिनिटं... दहा...

पंधराव्या मिनिटाला कागदावर ओला डाग दिसला.

"गेलं!" त्रिवेणीचे डोळे भरून आले. "तुमच्या बाबांना मी काय तोंड दाखवू?"

"गाडीचं बाबांना मी सांगेन," तो घाईघाईने म्हणाला, "पण तू बोलेनाशी झालीस तर मी कुणाकडे जाऊ? मला तू आवडतेस, त्रिवेणी. हेड फुटकं असलं तरी."

डोळे पुसायचं निमित्त करून तिने वाकून कागद जवळ ओढला, हुंगला... आणि खो खो हसत सुटली.

"चहा आहे हा! तुमचा कप गळतोय!"

खरंच, कपाच्या बुडातून थेंब ओघळत होता. त्याने तो लांब ठेवला, ती नवा कागद पसरून उरलेली पंधरा मिनिटं मोजत बसली. दोन हात जमिनीवर हळूच एकमेकांना टेकले. अर्धा तास भरला. कागद कोरडा ठणठणीत! वॉल्व्ह सरळ होते, टक नुसतीच स्पर्शाची होती. त्रिवेणीने भिंतीला पाठ टेकली. कालपासून घट्ट झालेले खांदे एकदम हलके झाले.

"मलाही आवडतोस," ती म्हणाली. "कालपासून नाही. आबिड्सपासून."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "म्हणजे आता हेड परत बसवलं की झालं? आजच?"

"नाही ना. हेडखालची पॅकिंग एकदा दाबली गेली की फुकट जाते. नवी इटलीहून मागवायची. महिनाभर तरी गाडी अशीच."

"अरेरे," अनिकेत म्हणाला, आणि बाहेर बसलेल्या अप्पारावांना ते इतकं आनंदाने म्हटलेलं ऐकू आलं की त्यांनी वर्तमानपत्र उघडून त्यात डोकं खुपसलं.