नागम्माचं घंगाळ

"त्या घंगाळातनं 'साकु' ऐकू आलं, की ते लेकरू…"

एवढंच बोलून इरम्मा गप्प झाली. मी आडाच्या कठड्यावर घागर टेकवली आणि माझी सावली तिच्या पुढ्यात पडली. तिनं वर पाहिलं, दोर भराभरा ओढला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "औंदा तुरीला शेंगा लई हायत."

आता अर्धी गोष्ट ऐकून माणसानं घरी जायचं कसं? जळकोटात माझ्यामागं म्हणतात, धुरपताबाईच्या कानाला कडी न्हाय. म्हणू देत. माझा जीव मात्र वेगळ्याच कारणानं उडाला होता. ते घंगाळ आदल्या दिवशीच माझ्या शेजारच्या घरात आलं होतं.

आमचा भाग हैदराबादेतनं निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. शाळेत नवे मास्तर आले होते, अंबादास गुरुजी, कळंबकडचे. माझ्या भिंतीला भिंत लागून त्यांचं बिऱ्हाड. बायको वनमाला. पहिला मुलगा पाचव्या महिन्यात तापानं गेलेला. आता मुलगी होती आठ महिन्यांची, चंद्रप्रभा. पोर एवढीशी आणि नाव हे एवढं लांब, म्हणून मी तिला चंदी म्हणायची.

लेकराची आंघोळ आधी पायांवर, मान धरली की काठवटीत आणि बसायला लागलं की घंगाळात, अशी आमची रीत. भाकरीचं पीठ मळायला नको झालेली जुनी काठवट लेकराच्या कामी यायची. चंदी बसायला लागून महिना झाला, तरी वनमाला काठवट सोडेना. पोरीचे पाय बाहेर लोंबायचे. एकदा तर काठवट कलंडून ती भुईवर आदळता आदळता राहिली.

"अगं, भाकरी हाय का ती, काठवटीत मावायला?" मी म्हणाले.

वनमाला हसली नाही. हळूच म्हणाली, "मावशी, थोरला ह्याच काठवटीत न्हायच्या वयात गेला. घंगाळापर्यंत पोचलाच नाही. आता ही मोठी झाली असं मी उघड म्हटलं… आणि ते कुणी ऐकलं तर?"

शेवटी गुरुजींनीच वीरभद्राकडं शब्द टाकला आणि घंगाळ आणलं. तांब्याचं, दोन कड्यांचं. हा वीरभद्र म्हणजे इरम्माचा नवरा, आणि घंगाळ त्याच्या आईचं, नागम्माचं. नागम्मा दोन वर्षांपूर्वी वारली. गावातली निम्मी पोरं तिनं न्हाऊ घातलेली, माझी तिन्ही त्यांत आली. कानडी बाई. एरवी मराठी बोलायची, पण आंघोळ घालताना सगळं कानडीत. शेवटचा तांब्या ओतला की म्हणायची, "साकु, साकु." साकु म्हणजे पुरे, एवढं कानडी आमच्या जळकोटात सगळ्यांनाच येतं. तिच्या अंगाला कायम वेखंडाचा वास. लेकराची मान पंजावर घ्यायची तेव्हा तिची उजवी करंगळी वर उभी राहायची. कधीतरी उखळात चेचून ती तशीच ताठ राहिली होती.

आणि आता त्या मेलेल्या बाईच्या घंगाळातनं म्हणे 'पुरे' ऐकू येतं. पुरे कशाचं? लेकराच्या आयुष्याचं?

वनमालेला सांगावं तर तिचा उरलासुरला धीर जाईल. न सांगावं तर माझ्या जिवाला घोर. शेवटी ठरवलं, तोंड मिटून ठेवायचं आणि आंघोळीच्या वेळी तिथंच जाऊन बसायचं.

बुधवार होता. सकाळचे दहा वाजले असतील, गुरुजी शाळेत गेले होते. माळवदाचं घर. न्हाणी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, तिला खिडकी नाही. छताला एक सानं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्यातनं उन्हाचा एकच दांडा खाली यायचा आणि तो नेमका घंगाळात पडला होता. बाकी सगळा काळोख. वनमालेनं शेपा-ओव्याची धुरी केली होती, त्यामुळं धूर कुठला आणि वाफ कुठली ते कळत नव्हतं. ओल्या दगडाचा वास येत होता. बाहेर कुणाचा कोंबडा ओरडत होता, तो गप्प झाला.

नुसतं बसून काय करायचं, म्हणून पाण्याची दोन्ही तपेली मीच आत आणून ठेवली. एकात कढत पाणी, दुसऱ्यात विसण घालायला गार.

वनमालेनं चंदीला घंगाळात बसवलं. पोरीनं दोन्ही बाजूंचा काठ धरला, आपल्या पायांकडं पाहिलं, मग पाण्यावर एक थापट मारली. पुन्हा एक. वनमालेच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

आणि चंदी एकाएकी थांबली.

मान वर केली. आईकडं नाही, माझ्याकडंही नाही. आईच्या खांद्यावरनं मागं, कोपऱ्यातल्या काळोखाकडं. तिथं टक लावून बघत राहिली… आणि खुदकन हसली.

मला वेखंडाचा वास आला.

"वनमाले, वेखंड लावलंस व्हय हिला?"

"नाही मावशी. घरात संपलंय ते… कधीचंच."

टण्.

घंगाळाच्या काठाला धातूचं काहीतरी लागलं. वनमालेच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. नागम्माच्या हातात पितळी कडं असायचं.

वनमालेला त्यातलं काही कळलं नसावं. तिचं सगळं ध्यान पोरीत. "जरा गरमच लागतंय का हो? विसण घालते," असं म्हणत तिनं न बघताच उजवीकडच्या तपेल्यात तांब्या बुडवला आणि चंदीच्या पायांवर धरला.

"साकु…"

आवाज मोठा नव्हता. कानाशी तोंड आणून कुणी समजावावं, तसा.

वनमालेचा हात तिथल्या तिथं थांबला. "पुरे म्हणालात, मावशी?"

"म्या… न्हाय बोलले."

तिनं दचकून हात मागं घेतला. तांब्या कलला, धार फरशीवर पडली आणि तिथनं माझ्या अंगठ्यावर आली. मी कळवळले. पाणी उकळतं होतं. विसणाचं तपेलं रोज वनमालेच्या उजव्या हाताला असायचं, आणि मी, मदत करायला आलेली शहाणी, दोन्ही तपेली उलटी ठेवली होती.

वनमालेनं पोर उचलून उराशी धरली. ओलं लुगडं, ओली पोर आणि दोघींच्या रडण्याचा एकच आवाज. मग ती म्हणाली, "मग बोललं कोण?"

मी तिला नागम्माचं सगळं सांगितलं. आडावरचं अर्धं वाक्यही सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता ही घंगाळ अंगणात फेकून देणार. तिनं काय केलं ठाऊक आहे? दोन्ही तपेल्यांवर हात धरून पाहिलं, पाणी सारखं केलं आणि चंदीला परत घंगाळात बसवलं. मग कोपऱ्याकडं तोंड करून म्हणाली, "आजी, बसा."

मी तशीच लंगडत इरम्माच्या दारात गेले.

"इरम्मा, ते साकु ऐकू आलं की लेकराचं काय होतं, ते पुरं सांग."

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "ते लेकरू म्हातारीचं होतं."

"म्हंजे मरतं?"

"मरतं कोण म्हणालं? हे काय, बसलंय की." उंबऱ्यावर तिचा पोरगा गूळ चाखत बसला होता. "तुमाला साकु म्हंजे पुरे एवढंच ठावं. आमच्या कानडीत साकु म्हंजे सांभाळ, वाढीव, असंबी होतं. सासूबाई दोन्ही म्हणायच्या. आता त्यातलं कोणतं म्हणत्यात, कुणी विचारायचं?"

"मग घंगाळ घराबाहेर का काढलंस?"

इरम्मानं भाकरी तव्यावर टाकली. "जित्तेपणी सासू, मेल्यावरबी सासूच? माझं लेकरू माझ्या हातानं न्हायाचं आन् हसायचं तिच्याकडं बघून. मला न्हाय सोसलं."

ह्याला सात वर्षं झाली. गावात गोवर आला, खोकला आला, चंदीला एका दिवसाचाही ताप नाही. दुसरीत आहे. वनमाला आता तिच्या उंचीच्या रेघा दाराच्या चौकटीवर कोळशानं उघड उघड मारते. म्हणजे लेकरू म्हातारीचं होतं ते एवढंच, ती त्याला सांभाळते. मीही तसंच धरून चालले होते.

परवा सकाळी मी त्यांच्या अंगणात गेले. चंदी त्या जुन्या काठवटीत चिंध्यांच्या बाहुलीला न्हाऊ घालत होती. बाहुलीची मान तिनं पंजावर घेतली होती, अगदी अलगद. आणि उजवी करंगळी वर, ताठ.

"करंगळी का गं वर?" मी विचारलं.

"दुखते," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. "उखळात चेचलीय ना."

त्यांच्या घरात उखळ नाही.