बाराव्या लेव्हलचं दार

लाइट जाऊन अर्धा तास झाला, आता काही ती लवकर यायची नाही. स्मृती, तो मोबाईल खाली ठेव. शंभूराज, दाराला कडी नको लावूस, असू दे नुसतं लोटलेलं. का ते सांगतो. ऐका.

याच चामराजपेटेत, पलीकडच्या गल्लीत रघुनंदन राहायचा. छापखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर प्रुफं तपासायचा. मोठा शिस्तीचा माणूस. एक काना चुकला तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. घरात आई, रत्नाबाई, आणि धाकटा भाऊ गुरुराज. गुरु येलहंक्याला एका कंप्युटर क्लासात शिकवायचा, तिथेच खोली घेऊन राहायचा, आणि शनिवारी घरी यायचा.

गुरुला एक वेड होतं. कंप्युटरवर एक खेळ होता. हातात कंदील घेतलेला बुटका माणूस उड्या मारत, शिड्या चढत दारापर्यंत पोचतो; दार आलं की लेव्हल संपली. खेळातल्या लेव्हल संपल्यावर गुरु त्या मोडून स्वतःच्या रचायचा. फाइल उघडली की नुसती अक्षरं आणि खुणा दिसत. भिंतीला एक खूण, शिडीला एक, दाराला एक. "अण्णा, स्वल्प थांब, हे बघ," तो म्हणायचा, "तुझ्या प्रुफासारखंच आहे. एक अक्षर बदललं की भिंतीचं दार होतं." रघुनंदन म्हणायचा, "त्या दारातून पगार येतो का?" अकरा लेव्हल झाल्या होत्या. बारावी करतोय, असं गुरु सांगत होता.

त्या घरात वडिलांच्या वेळेपासून एक नियम होता. रात्री दहाला कडी. मग बाहेर कुणीही असो. वडील गेल्यावर रघुनंदनने तो पाळला, मुलखाचा हट्टी. शनिवार, सोळा नोव्हेंबर, शहाण्णव साल. सव्वादहाला दारावर टकटक झाली. तीनदा. आई झोपली होती. रघुनंदन जागा होता. त्याला कळलं कोण आहे ते. एकदा बाहेर राहिला की शिकेल, असं मनाशी म्हणून तो कुशीवर वळला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. पावणेअकराला, येलहंक्याच्या खोलीकडे परत जाताना, हेब्बाळजवळ लॉरीने गुरुला उडवलं.

ती टकटक रघुनंदनने कुणालाच सांगितली नाही. आईलाही नाही. तो रडलाही नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसा तो आतून झाला होता. लोक यायचे, हात धरायचे, आणि हा त्यांना चहा विचारायचा.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे बसले होते, पण एक शिवेना. "काय राहिलं असेल रे त्याचं?" आई एकसारखं विचारत होती. रघुनंदनला ठाऊक होतं काय राहिलं होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी आल्यावर आई म्हणाली, "त्याच्या खोलीतलं सामान घेऊन ये. त्यात काही जीव अडकला असेल."

म्हणून सोमवारी, पंचवीस तारखेला, रघुनंदन दुपारी येलहंक्याला गेला. घरमालक यल्लाप्पांनी कुलूप काढलं. म्हणाले, "शनिवारी सकाळी तो कुलूप लावून गेला, त्यानंतर कुणी पाऊल टाकलेलं नाही." कपड्यांची पेटी, दोन भांडी, आणि कंप्युटर. मॉनिटर मांडीवर घेऊन तो ऑटोने परतला तेव्हा साडेआठ वाजले होते. आईने गुरुच्या आवडीचं उप्पीट केलं होतं. रोजच्यासारखं त्याचं एक ताट वाढून, वर परात पालथी घालून, तिने चुलीजवळ ठेवलं. दहाला रघुनंदनने कडी लावली. सवयीने. हात आपोआप गेला.

अकराच्या सुमाराला त्याने कंप्युटर जोडला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. फाइलींची यादी आली. एक ते अकरा. खाली बारावी. नाव होतं 'घर'. शेजारी तारीख, सोळा नोव्हेंबर. वेळ, रात्रीचे अकरा बावन्न.

रघुनंदनने ती ओळ दोनदा वाचली. प्रूफ वाचतात तशी, बोट ठेवून.

त्या मशिनांची घड्याळं चुकायची, हे त्याला माहीत होतं. त्याने मशिनची वेळ विचारली. अकरा सहा. भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

अकरा सहा.

त्याने खेळ सुरू केला. बुटका माणूस एका खोलीत उभा होता, एकटा. पुढे लांबच लांब रस्ता. एक लांब उडी, खाली लॉरीच्या आकाराचे काटे. रघुनंदनला खेळता येत नव्हतं. तीनदा माणूस काट्यांत पडला, तीनदा परत खोलीत उभा राहिला. चौथ्यांदा पार झाला. मग मार्केट. मग एक गल्ली. तीन पायऱ्या, डाव्या हाताला तुळस, वर खिडकी.

आपलंच घर.

दाराच्या जागी भिंत होती.

रघुनंदनने बोटं कळांवरून काढली. हात मांडीवर ठेवले.

बुटक्या माणसाने उडी मारली. डोकं भिंतीला लागलं. टक.

परत. टक.

परत. टक.

मग तो उभा राहिला. कंदील घेऊन. तोंड भिंतीकडे...

रघुनंदनला भीती वाटली नाही. तो एवढंच म्हणाला, "हो. ऐकलं होतं मी." दहा दिवसांत पहिल्यांदा तो खरं बोलला.

त्याने फाइल उघडली. खुणांच्या ओळींत तीन पायऱ्या शोधल्या. त्यांच्यावरची एक खूण पुसली. दाराचं अक्षर घातलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या होत्या त्याने. ही त्याची स्वतःची.

पुन्हा खोली. रस्ता. काटे. या वेळी माणूस एकदाही पडला नाही. गल्ली. पायऱ्या. दार.

तो आत गेला. पडदा काळा झाला.

काही नाही. मशिनचा पंखा तेवढा फिरत होता.

आणि मग बाहेर...

टक.

टक.

टक.

रघुनंदन उठला. कडीपर्यंत सहा पावलं. कडी थंडगार. या हाताने लावली होती, याच हाताने काढली.

बाहेर कुणी नव्हतं. पौर्णिमेचं चांदणं, झोपलेली गल्ली. तो उंबऱ्यावर बाजूला सरकला, एखाद्याला वाट द्यावी तसा. म्हणाला, "ये रे गुरु. उशीर झाला." आणि तिथेच खाली बसून तो रडला. दहा दिवसांचं सगळं.

सकाळी आईने हाक मारली. ती चुलीजवळ उभी होती. परात रात्रभर ताटावर तशीच पालथी होती, तिनेच आत्ता उचलली होती. ताट रिकामं. रघुनंदनने उंबऱ्यावर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, टकटकीसकट. आईने परात खाली ठेवली. मग म्हणाली, "जेवून गेला ना. बस."

काय म्हणालास, शंभू? मांजर? सरी, बरं, असेल मांजर. पण गुरुला लहानपणापासून कढीपत्ता आवडत नसे. तो एकेक पान वेचून ताटाच्या काठावर लावायचा, एकावर एक, शिडीसारखं. त्यासाठी रघुनंदनच्या किती टपल्या खाल्ल्या असतील. त्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. ताट अजून घासलं नव्हतं. काठावर सात पानं होती, खालून वर लावलेली.