खरखरीतली तेरा अक्षरे

सगळे बोलताना दिसत होते आणि कळत मात्र एकाचेही नव्हते! चैताली डोळे फाडून पडद्याकडे बघत होती. रेडिओतून येणारी खरखर संगणक चित्राच्या रूपात दाखवत होता आणि त्या निळ्या चित्रात बारीक पिवळ्या रेघा उमटत होत्या. एकेक रेघ म्हणजे जगात कुठूनतरी कुणीतरी पाठवलेला निरोप. पण निरोप वाचून दाखवायची चौकट कोरी ती कोरीच. असे पाच दिवस चालले होते.

पाच दिवसांपूर्वी सूर्यावर भयानक वादळ झाले आणि उपग्रह एकामागून एक मुके झाले. फोन बंद, नकाशे बंद. चैतालीची आई सुमेधा बर्फाचा अभ्यास करायला अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर गेली होती. तिचा शेवटचा निरोप होता, "तळाला आग लागलीय." पुढे काहीच नाही. मदतीचे जहाज निघाल्याचे रेडिओच्या बातम्यांत कळले होते, पण ते पोचायला अजून आठ दिवस होते. तळावरची अकरा माणसे जिवंत आहेत का, हे सांगणारे कुणीच नव्हते. घरात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

आईचे वडील, म्हणजे आबा, हे हौशी रेडिओतले (छंद म्हणून, पण परवाना काढून चालवायच्या रेडिओतले) जुने खोड. सुमेधा निघाली तेव्हाच बापलेकीचे ठरले होते, की उपग्रहांनी दगा दिला तर रोज दुपारी चार ते पाच तिने ठरलेल्या लहरीवर निरोप पाठवायचा. आबा रोज ऐकत होते. त्यांनी छतावर चढून अँटेना (लहरी पकडणारी तार) दोनदा बदलली, जोडण्यांना नव्याने डाख दिला. उपयोग शून्य.

"आबा, मला तर नुसती खरखर ऐकू येते," चैताली म्हणाली.

"कानाला तेवढंच ऐकू येणार, चैतू. तिच्याकडे पाच वॉट, म्हणजे एका छोट्याशा बल्बाएवढी वीज. दहा हजार किलोमीटर येईपर्यंत तिचा सूर खरखरीच्या शंभराव्या हिश्शाएवढा उरत असेल."

"मग संगणकाला तरी तो कसा कळणार?"

"पाढा ऐक. बे एके बे, बे दुणे चार, बे चोक आठ..."

"मधलं बे त्रिक सहा खाल्लंत तुम्ही!"

"मी म्हटलं नाही, तरी तुला कळलंच ना? कारण तुला पाढा ठाऊक आहे. हा निरोपही तसाच, आठ ठरलेल्या सुरांत बांधलेला. सोबत तो ताडून बघायला जादा आकडे असतात. काही सूर खरखरीनं खाल्ले, तरी उरलेल्यांवरून संगणक गाळलेल्या जागा भरतो. अट एकच. सूर कधी सुरू होणार, हे त्याला सेकंदागणिक ठाऊक हवं. दर मिनिटाला चारच मुहूर्त: शून्य, पंधरा, तीस आणि पंचेचाळीस सेकंद. मुहूर्त हुकला, की पाढा कुठून सुरू झाला हेच त्याला कळत नाही."

"मुहूर्ताची काळजी नको, आबासाहेब," घरातला यंत्रमानव ठोके मान ताठ करून म्हणाला. "संगणकाचं घड्याळ मी लावलंय. माझी वेळ कधी चुकत नाही."

चैताली पुन्हा पडद्याकडे वळली. दर मुहूर्ताला संगणक चित्रावर एक आडवी पांढरी रेघ मारत असे. तिने नीट पाहिले आणि ती दचकलीच. एकूण एक पिवळी रेघ त्या पांढऱ्या रेघेच्या चार सेकंद आधी सुरू होत होती.

"आबा, इतके देश, इतकी माणसं, सगळे मिळून एकदम चार सेकंद कसे चुकतील?"

आबांच्या हातातला चष्मा गळून पडला. "ते नाही चुकत. आपण चुकतोय!"

"अशक्य!" ठोके किंचाळला. "मी वेळ थेट उपग्रहाकडून घेतो!"

"शेवटची कधी घेतलीस?" आबांनी विचारले.

ठोकेचे दिवे फडफडले. "वादळात."

बिघडत चाललेल्या उपग्रहाने जाता जाता चुकीची वेळ सांगितली होती आणि हा शहाणा ती पाच दिवस छातीशी कवटाळून बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शिक्षा झाली बिचाऱ्या अँटेनाला!

चैतालीने घड्याळ चार सेकंद पुढे केले. पंधरा सेकंद गेले, तीस गेले, आणि कोरी चौकट धडाधड भरू लागली. जपान, ब्राझील, केनिया! पण त्यात आई नव्हती.

मग तिला एकदम आठवले. "आबा, पाच दिवसांची खरखर संगणकानं साठवलीय ना? ती चार सेकंद सरकवून पुन्हा वाचायला लावू?"

आबांनी लगेच साठवलेली खरखर उघडून दिली.

अशा निरोपात मनातले लिहायला तेराच रोमन अक्षरे मिळतात, शब्दांमधली मोकळी जागा धरून. पहिल्या दिवशी चारच्या ठोक्याला आले होते, 'आम्ही सुखरूप'. पुन्हा तेच. तासभर तेच. तिसऱ्या दिवशी, 'आबा ऐकताय का'. आणि काल पाचच्या सुमारास, 'बॅटरी संपतेय'.

आबांनी कपाळावर हात मारला. "पोर पाच दिवस हाका मारत होती, आणि मी इथंच बसून होतो गं." चैतालीला रडू फुटले. आई जिवंत होती! पण आपले कुणी ऐकतच नाही, असे समजून आज ती गप्प तर बसली नसेल?

पाचला चार मिनिटे होती. आबांनी कळफलक तिच्यापुढे सरकवला. तिने लिहिले, 'ऐकू आलं आई'. पंधरा सेकंद पाठवायचे, पंधरा सेकंद ऐकायचे. एकदा, दोनदा, पाचदा झाले. पाचला एक मिनिट उरले असताना चौकटीत एक ओळ उमटली.

'चैतू जेवलीस'

रोमन अक्षरांत मोजून तेरा. प्रश्नचिन्हाला जागाच उरली नव्हती. पृथ्वीच्या टोकावर, जळक्या तळावर, संपत आलेल्या बॅटरीवर ही बाई विचारत होती की लेक जेवली का! आबा हसता हसता डोळे पुसू लागले.

"आबा, परवान्याच्या परीक्षेला कधी बसता येतं?"

"बारा वर्षं पूर्ण झाली की."

"मग सातच महिने राहिले," चैताली म्हणाली. खरे तर ती सकाळपासून जेवली नव्हती, पण हे आईला सांगायची ही वेळ नव्हती. तिने घाईघाईने लिहिले, 'हो जहाज येते'.