मामांच्या चित्रातली कोरी जागा

तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. गेल्या महिन्यात, भिंगारमध्ये. आणि रात्री नाही... भर दुपारी.

आरती माझी मामेबहीण. तिचे वडील, सहादेवमामा, शाळेत चित्रकला शिकवायचे. हंगेरीच्या एका जुन्या चित्रकाराचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि मामांना वेडच लागलं. ऊन रंगवायचं तर उन्हात बसूनच! खर्ड्याच्या किल्ल्यासमोर असंच रंगवत बसले असताना त्यांना ऊन लागलं. त्यातच गेले.

यंदा आरतीने एका हॉलमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. शेवटचं, अपुरं चित्रही लावलं. किल्ल्याची भिंत, पांढरंफेक ऊन, आणि मधोमध उभ्या माणसाच्या आकाराची कोरी जागा.

दुपारी लोक जेवायला गेले. लाईट गेली. पंखे थांबले.

आत फक्त आरती आणि तिची आई, मालनमामी.

आरती दाराशी पाणी पीत होती. तेवढ्यात...

टक... टक... टक...

डब्याच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज. मामा ब्रश असाच झटकायचे.

"आई, कोण आहे गं?"

आरती वळली.

मामी त्या चित्रासमोर उभी होती. ताठ. पापणीही लवत नव्हती.

आरतीने तिचा हात धरला... आणि चटका बसल्यासारखा सोडला. सावलीतल्या त्या हॉलमध्ये मामीचा हात उन्हातल्या पत्र्यासारखा तापला होता!

"आई, चल बाहेर!"

"थांब की. हलू नगं म्हनलेत."

"कोण म्हणालं?"

मामी नुसती लाजली.

आरतीने चित्राकडे पाहिलं. कोऱ्या जागेत खालून वर हिरवा रंग चढला होता. मामीच्या लुगड्याचा हिरवा.

तिने बोट लावलं...

ओला होता.

त्याच दिवशी प्रदर्शन बंद झालं. चित्र चादरीत गुंडाळून भिंगारच्या घरात कुलपात ठेवलं. मामीला आरतीने आपल्याकडे, नागापूरला आणलं.

पण रोज दुपारी मामी गच्चीवर जाते. अनवाणी. खर्ड्याकडे तोंड करून उभी राहते. कितीही ओढा, हलत नाही. डॉक्टरांनाही काही सापडलं नाही.

चादर सोडून बघूया का, असं मी एकदा म्हणालो, तर आरती रडायलाच लागली.

आज सकाळी तिचा फोन आला.

"आई पहाटेच उठलीय रे. केस विंचरलेत. आणि... कुंकू लावलंय."

"काय म्हणते?"

"म्हणते, आज त्ये चेहरा काडनार हायेत."

मी आता एसटीत बसून हे लिहितोय. नागापूर अजून लांब आहे.

बाहेर ऊन वाढत चाललंय...