तीन वाजताची रेघ

नव्या सेन्सरांची पट्टी आली की तपासायला आधी आपलंच रक्त द्यायचं, हा स्वीडनमधल्या लिनशॉपिंगच्या आमच्या प्रयोगशाळेतला जुना रिवाज. पट्टीवर सोळा सेन्सर. थेंबभर रक्तातली साखर, क्षार वगैरे ते विजेच्या प्रवाहावरून मोजतात.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंगेमारनं नोव्हेंबरात दिलेली रक्ताची कुपी फ्रीझरमध्ये होती. इंगेमार जानेवारीत गेला, मधुमेहानं. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, तरी तीनच्या कॉफीला दालचिनीचा बन त्याला मीच आणून द्यायचे. "गुनवोरला सांगशील तर याद राख!" म्हणायचा. मी हसायचे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मार्चमध्ये त्याच्या बायकोचा, गुनवोरचा फोन आला.

"त्याचं रक्त आहे ना गं तुमच्याकडे? टाकून दे. पुरलंय त्याला. थोडा तिथे, थोडा इथे, असं नको."

"टाकते," मी म्हटलं.

टाकण्याआधी एकदा मोजावं, म्हणून थेंब पट्टीवर सोडला आणि तीनला कॉफी घेऊन आले. सवयीनं बन दोन आणले होते. एक टेबलावर तसाच राहिला.

पडद्यावरची साखरेची रेघ दुपारभर सपाट होती. तीन वाजता ती चढू लागली.

कुपीतल्या रक्तातली साखर फार तर घटते, वाढत नाही. सेन्सर बिघडला असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी कोरी पट्टी घेतली, नवा थेंब सोडला. बन पुन्हा दोन. तीनला रेघ पुन्हा चढली.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बन आणला नाही.

तीन वाजले. रेघ हलली नाही. मला हायसं वाटलं.

तीन-दहाला ती उतरू लागली.

एवढ्या कमी साखरेवर माणसाला घाम फुटतो. एवढ्यावर हात कापतात. एवढ्यावर शुद्ध जाते.

मी कॅन्टीनकडे धावले.

बन पट्टीशेजारी ठेवला. रेघ थांबली. मग हळूहळू वर आली.

फोन वाजला. गुनवोर.

"टाकलंस ना गं?"

कुपी माझ्या हातात होती. गार.

"हो," मी म्हटलं.

बन जसाच्या तसा होता, कुठे दात लागलेला नव्हता. त्याचा कोपरा मोडून पाण्यात कालवला, कोऱ्या पट्टीवर थेंब सोडला.

साखर शून्य.